फरकोट पांघरलेली हेरिंग: मासा तळाशी की बटाटा?

नेवाकाठ
नमस्कार. गेली सहा वर्षे मी सेंट पीटर्सबर्गमध्ये राहते. डिसेंबरअखेर इथे सकाळी दहाच्या सुमारास उजाडते आणि दुपारी चारला अंधारून येते, त्यामुळे नव्या वर्षाचा सारा उत्सव घरात, जेवणाच्या मेजाभोवतीच होतो. ३१ डिसेंबरच्या रात्री त्या मेजावर दोन सॅलडे हमखास असतात. एक ऑलिव्हिये, ज्याचा दूरचा वंशज आपल्याकडे लग्नाच्या बुफेत 'रशियन सॅलड' म्हणून भेटतो. दुसरे 'सेल्द पोद शूबोय', म्हणजे फरकोटाखालची हेरिंग, जिला घरोघरी नुसते 'शूबा' म्हणतात.

ज्यांनी ते पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगते. खारवलेल्या हेरिंगचे बारीक तुकडे, त्यावर चिरलेला कांदा, मग उकडून किसलेला बटाटा, गाजर आणि सगळ्यांत वर उकडलेल्या बिटाचा किस अशी ही रचना असते, आणि थराथरांवर मेयोनेजचा हलका हात फिरवलेला असतो. रात्रभर थंड जागी ठेवले की बिटाचा रंग मेयोनेजमध्ये उतरतो आणि वरचा थर गडद गुलाबी होतो. सुरीने वडी कापून उचलली की बाजूने एकेक थर वेगळा दिसतो.

यंदा आमच्या मजल्यावरच्या सामाईक मेजवानीसाठी शूबा करण्याचे काम प्रथमच माझ्याकडे आले आहे, आणि अडचण इथूनच सुरू होते. शेजारच्या दोन आजींपैकी एक म्हणतात की मासा तळाशीच हवा. दुसऱ्या म्हणतात की तळाशी बटाटा नसेल तर ती शूबाच नव्हे. दोघीही चाळीस वर्षे हा पदार्थ करत आल्या आहेत, त्यामुळे मी कोणाचे ऐकावे, हा माझा पहिला प्रश्न आहे. दुसरा प्रश्न असा की हेरिंग, बीट, बटाटा, कांदा आणि खारवलेली काकडी हीच मंडळी इथून स्वीडनपर्यंत प्रत्येक देशात एकत्र कशी आली? माझे स्वतःचे मत असे की शूबा हे मेयोनेजचे सॅलड नसून मुरलेल्या माशाचे सॅलड आहे, आणि ज्यांना ते आवडले नाही त्यांनी बहुधा वाईट हेरिंग खाल्लेली असते.

पेडवे
मी देवगडचा असल्यामुळे शीर्षक वाचून थांबणे शक्यच नव्हते. हेरिंगचे चित्र पाहिले तर ती आपल्या तारलीची थोरली बहीण वाटते. शास्त्रज्ञही हेरिंग, तारली आणि मांदेली यांना एकाच गणात घालतात. आमच्याकडे सुका बांगडा भाजून, काटे काढून, कुस्करून त्यात ओले खोबरे, कांदा आणि मिरची घालून किसमूर करतात. तीही विचार केला तर खाऱ्या मासळीची कोशिंबीरच आहे. फरक एवढाच दिसतो की आम्ही मासळी उन्हात वाळवतो आणि ही मंडळी पिंपात खारवतात. माझी शंका अशी की ही हेरिंग कच्ची असते का, आणि इतक्या काट्यांचे काय करतात?

नेवाकाठ
पेडवे, शिजवलेली नसते, पण कच्चीही म्हणता येणार नाही. कैरीचे लोणचे जसे न शिजवता मुरते, तशी ती मिठात मुरते. मांस मऊ, किंचित लोण्यासारखे होते. काट्यांविषयी कोणीतरी अधिक अनुभवी व्यक्तीने लिहावे; माझा हात अजून बसलेला नाही.

हान्सावाट
'मुरते' हा शब्द अगदी नेमका आहे, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यातच आहे. मी हाम्बुर्गला राहतो, म्हणून या बाजूने सांगतो.

हेरिंग तेलकट मासा आहे. तेलकट मासा पकडल्यावर फार लवकर खराब होतो आणि उत्तरेकडच्या दमट हवेत तो उन्हात नीट वाळतही नाही. त्याचे तेल खवट होते. कॉड वाळवता येतो, कारण त्याच्या मांसात चरबी जवळजवळ नसते. म्हणून हेरिंगला मीठच हवे, तेही भरपूर, आणि बाल्टिकच्या पाण्यात खारेपणा कमी असल्यामुळे तिथे मीठ तयार करणे परवडत नाही. हान्सा संघाच्या, म्हणजे उत्तर जर्मनीतल्या व्यापारी शहरांच्या मध्ययुगीन संघाच्या, व्यापाऱ्यांची भरभराट या अडचणीतूनच झाली. ल्युनेबुर्गच्या खाऱ्या झऱ्यांचे पाणी आटवून केलेले मीठ ल्युबेकमार्गे स्वीडनच्या दक्षिण टोकाला, स्कोनेच्या किनाऱ्यावर जाई. तिथे हंगामात हेरिंगचे थवे येत, आणि पिंपात भरलेला खारा मासा परत साऱ्या युरोपभर जाई. नोव्हगोरोदमध्ये हान्साची स्वतःची वखार होती, त्यामुळे रशियाला हा मासा मध्ययुगापासून ठाऊक आहे.

डच लोकांनी यात एक मोलाची भर घातली. ते माशाचे कल्ले आणि बहुतेक आतडी एका छोट्या सुरीने काढतात, पण स्वादुपिंड मुद्दाम आत ठेवतात. त्यातली पाचक द्रव्ये मिठाच्या सोबतीने मांस हळूहळू मऊ करतात. मासा मुरतो तो यामुळे.

आमच्याकडे उत्तर जर्मनीत लाल हेरिंग सॅलड असते: मासा, बीट, सफरचंद, खारवलेली काकडी, कांदा, कधी बटाटा. थर नसतात, सगळे एकत्र कालवतात. वर्षअखेरीला आणि राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासाचा काळ सुरू होतो त्या दिवशी, हेरिंग खाण्याची पद्धत आहे.

मीठमोहरी
आमच्या घरी मासे चालत नाहीत, पण हे थर पाहून करून बघावेसे वाटते आहे. माशाऐवजी काय वापरता येईल?

नेवाकाठ
मीठमोहरी, ही सोय रशियनांनी स्वतःच करून ठेवली आहे. ऑर्थोडॉक्स चर्चच्या नाताळपूर्व उपवासाचा काळ २८ नोव्हेंबरपासून ६ जानेवारीपर्यंत असतो, त्यामुळे ३१ डिसेंबरची मेजवानी नेमकी उपवासात येते. जे काटेकोरपणे पाळतात ते अंडे नसलेले मेयोनेज वापरतात. दुकानात ते 'उपवासाचे' म्हणूनच मिळते. माशाच्या जागी समुद्री शेवाळाचे खारवलेले काप किंवा जपानी नोरीचे तुकडे घालतात, ज्यामुळे समुद्राची चव येते. काही जण खारवलेले अळंबे घालतात. मी शेवाळाची शूबा खाल्ली आहे आणि ती मनापासून आवडली. मात्र खारेपणा पुरेसा हवा, कारण मिठाचा तो एक थर नसेल तर वरची गोड बीट-गाजरे फिकी पडतात.

दिवेलागण
या सॅलडची एक सुंदर गोष्ट मी वाचली आहे. १९१८ च्या हिवाळ्यात मॉस्कोमध्ये अनास्तास बोगोमिलोव नावाचा खानावळवाला होता. त्याच्याकडे क्रांतीवरून रोज हाणामाऱ्या होत, म्हणून त्याने सर्वांना एकत्र आणणारा पदार्थ तयार केला: हेरिंग म्हणजे कामगार, बटाटा-गाजर म्हणजे शेतकरी, बीट म्हणजे लाल झेंडा. 'शूबा' ही रशियन अक्षरेही एका घोषणेची आद्याक्षरे आहेत, 'उग्र राष्ट्रवाद आणि अधोगती यांच्यावर बहिष्कार आणि धिक्कार' अशा अर्थाची. लोक पोटभर जेवल्यामुळे भांडणे थांबली, असे सांगतात.

पानोपानी
दिवेलागण, गोष्ट गोड आहे, पण ती दंतकथा आहे आणि तशीच सांगितली जावी असे मला वाटते. १९१८-१९ च्या हिवाळ्यात मॉस्को उपाशी होते. पाव शिधापत्रिकेवर मिळत होता. अशा वेळी एखादा खानावळवाला सगळ्या गिऱ्हाइकांसाठी तेल आणि अंडी फेटून मेयोनेज करतो, हे पटत नाही. सोव्हिएत कारखान्यांत 'प्रोव्हान्साल' मेयोनेजचे उत्पादन १९३६ मध्ये सुरू झाले आणि त्यानंतरच ते सामान्य घरांत पोहोचले. त्या सुरुवातीच्या काळातल्या छापील पाककृतींत या नावाचा पदार्थ सापडत नाही. सणाचे सॅलड म्हणून त्याचा प्रसार झाला तो महायुद्धानंतरच्या दशकांत, जेव्हा फ्रीज, बाटलीतले मेयोनेज आणि दुकानातली खारी हेरिंग या तिन्ही गोष्टी एकत्र हाताशी आल्या.

याचा अर्थ घटक नवे आहेत असा नाही. हेरिंग घातलेले 'विनेग्रेत' एकोणिसाव्या शतकात रशियात होतेच. नाव फ्रेंचांच्या व्हिनेगरच्या सॉसवरून आले, पण पदार्थ इथला झाला: बीट, बटाटा, काकडी, कांदा आणि सोबत मासा. त्याहून मागे मात्र जाता येत नाही, कारण बटाटाच रशियात उशिरा रुजला; १८४० च्या दशकात सरकारने बटाटा लावण्याची सक्ती केली तेव्हा शेतकऱ्यांनी दंगे केले होते.

दिवेलागण
मेयोनेजच्या सालाचा मुद्दा मला पूर्णपणे पटला. धन्यवाद.

अश्दोदकर
मी बेने इस्रायली, म्हणजे मूळ कोकणातला ज्यू, आता इस्रायलमधल्या अश्दोदचा. आजी-आजोबा अलिबागजवळच्या नवगावचे, घरात आजही मराठी बोलतो, आणि आमच्या जिन्यात निम्मी बिऱ्हाडे जुन्या सोव्हिएत संघातून आलेली आहेत. समोरच्या ओदेसाच्या काकू शुक्रवारी दुपारी फोर्श्माक करतात आणि एक वाटी आमच्याकडे येते, म्हणून या धाग्यात त्याची नोंद व्हायला हवी.

फोर्श्माक म्हणजे खारी हेरिंग, आंबट सफरचंद, कांदा, उकडलेले अंडे आणि भिजवून पिळलेला शिळा पाव एकत्र बारीक चिरून केलेले मिश्रण. काही घरांत त्यात लोणीही असते. काकूंचा आग्रह असा की यंत्रातून काढू नये, दोन सुऱ्यांनी पाटावर चिरावे, म्हणजे प्रत्येक घासात सफरचंदाचा एखादा कण दाताखाली येतो. राय नावाच्या धान्याच्या काळ्या पावाच्या कापावर ते जाडसर पसरतात. हा पदार्थ गरिबीतून आला आहे. एका माशात आठ-दहा माणसांचे भागवायचे असेल तर पाव आणि सफरचंद यांचाच आधार असतो, आणि पूर्व युरोपातल्या ज्यू वस्त्यांत पिंपातली हेरिंग हाच सर्वांत स्वस्त मासा होता. शिवाय हेरिंगला पर आणि खवले दोन्ही असल्यामुळे आमच्या धर्मनियमांत ती बसते.

माझ्या आईने पहिल्यांदा चाखल्यावर त्यात कोथिंबीर आणि हिरवी मिरची घातली. काकूंनी तो घास खाल्ला, डोळे मिटले आणि थोड्या वेळाने आणखी एक काप मागून घेतला.

शब्दसई
अश्दोदकर, फोर्श्माक हा शब्द मुळात जर्मन आहे, अर्थ 'आधीची चव', म्हणजे जेवणाच्या सुरुवातीचा पदार्थ. फिनलंडमध्ये याच नावाचा पदार्थ मात्र वेगळा असतो: मेंढी आणि गाईचे मांस, कांदा आणि खारा मासा एकत्र तासन्तास शिजवून केलेला, सोबत बीट, काकडी, भाजलेला बटाटा आणि स्मेताना, म्हणजे आंबट साय. फिनलंडचे सेनानी मार्शल मानेरहाइम यांच्या आवडीचा म्हणून तो तिथे प्रसिद्ध आहे.

नावांवरून मासा कुठून कुठे गेला हेही दिसते. जुन्या नॉर्स भाषेतला 'सील्द' हा शब्द रशियनमध्ये 'सेल्द' झाला, स्वीडिशमध्ये 'सिल', फिनिशमध्ये 'सिल्ली', लिथुआनियनमध्ये 'सिल्के'. व्यापाऱ्यांनी पिंपाबरोबर शब्दही उतरवला. युक्रेनियन भाषेत हेरिंगला 'ओसेलेदेत्स' म्हणतात आणि कोसॅक योद्ध्यांच्या मुंडण केलेल्या डोक्यावर जी एकच लांब बट ठेवलेली असे तिलाही हेच नाव आहे. आपण जिला शेंडी म्हणू, ती त्यांना कानावर लोंबणाऱ्या माशासारखी दिसली.

तालिनची_वहिनी
एस्टोनियाचा उल्लेख अजून आला नाही, म्हणून लिहिते. इथे 'रोसोल्ये' असते. हे नाव रशियन 'रसोल'वरून, म्हणजे काकडी खारवण्याच्या मिठाच्या पाण्यावरून आले आहे. बीट, बटाटा, सफरचंद, खारी काकडी, अंडे आणि हेरिंग हे सारे डाळिंबाच्या दाण्याएवढे बारीक चौकोनी चिरायचे आणि स्मेतानात मोहरी कालवून त्यात घालायचे. मेयोनेजपेक्षा ही आंबट साय माशाला कितीतरी अधिक शोभते, असे मला वाटते. फिनलंडमध्ये 'रोसोल्ली' नाताळच्या जेवणात असते. त्यात मासा बहुधा नसतो, तो बाजूला वेगळा ठेवतात, आणि बिटाच्या रसाने गुलाबी केलेली फेटलेली साय वर घ्यायला देतात.

नेवाकाठ यांनी विचारले आहे की ही मंडळी एकत्र कशी आली. मला वाटते उत्तर तळघरात आहे. आमच्या सासूबाईंच्या गावच्या घरी जमिनीखाली एक खोली आहे. तिथे वाळूत पुरलेले गाजर-बीट, पोत्यात बटाटे, गवतावर एकमेकांना न टेकणारी सफरचंदे, बरणीत काकड्या आणि पूर्वी एका कोपऱ्यात हेरिंगचे छोटे पिंप असे. जानेवारीत हिरवे पान दिसत नाही त्या प्रदेशात कोशिंबीर करायची म्हटले तर त्या शिडीवरून खाली उतरल्यावर जे हाताला लागेल तेच ताटात येणार. ते देश कोणते आणि त्यांची भांडणे कोणती, याचा त्या तळघराशी काही संबंध नाही.

मीठमोहरी
तळघराचे वर्णन वाचून आमच्या आजोळची माळ्यावरची कांद्यांची जुडी आठवली. फार सुंदर लिहिले आहे.

औंधकर
मी पुण्यात हे करून पाहिले. हेरिंग मिळाली नाही म्हणून डब्यातला ट्यूना घेतला आणि मेयोनेजऐवजी टांगून ठेवलेले दही वापरले. घरी सगळ्यांना आवडले, पण ते थर दोन तासांत पाणी सोडू लागले.

जुना_मॉस्कोकर
औंधकर, दह्याचे पाणी मिठामुळे सुटले. मेयोनेजमधले तेल प्रत्येक थराला वेगळे ठेवते. दही ते करू शकत नाही. आणि ट्यूना शिजवलेला असतो, त्यामुळे जो मऊ, खारट, तेलकट गाभा हवा तो मिळत नाही. पदार्थ चविष्ट झाला असेल यात शंका नाही, परंतु त्याला शूबा म्हणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी १९८० च्या दशकात मॉस्कोला शिकत होतो. त्या वेळी दुकानांत 'इवासी' नावाची हेरिंग मोठ्या गोल, चपट्या डब्यांत मिळे, मसाल्याच्या मिठात मुरवलेली. पुढे कळले की ती हेरिंग नव्हतीच. प्रशांत महासागरातली सार्डिन होती आणि नाव जपानी 'इवाशी'वरून घेतलेले होते. म्हणजे पेडवे यांची तारली अतिपूर्वेकडून त्या पंगतीला आधीच येऊन बसली होती! १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिचे थवे नाहीसे झाले आणि त्या पिढीतले लोक आजही तिची आठवण काढतात.

आता काट्यांविषयी. हे मला वसतिगृहातल्या एका मित्राने शिकवले, तो 'तुला' नावाच्या रशियन शहरातला होता. मेजावर जुने वर्तमानपत्र पसरावे, कारण हा वास लाकडात शिरला की आठवडाभर जात नाही. डोके कापावे, पोट चिरून गाबोळी निघाली तर बाजूला काढून ठेवावी, ती पावावर लावून लगेच खायची असते. पोटातला काळा पापुद्रा सुरीच्या बोथट बाजूने खरवडावा. पाठीवर शेपटीपर्यंत एक उथळ छेद द्यावा, डोक्याकडून कातडीचे टोक नखाने उचलावे आणि शेपटीकडे ओढावे. मासा चांगला मुरलेला असेल तर कातडी हातमोज्यासारखी अखंड निघते. मग पाठीच्या छेदात अंगठा घालून कण्यावरून हळूहळू सरकवला की अर्धा मासा काट्यांपासून सुटतो. उरलेले केसासारखे काटे बोटाने चाचपून चिमट्याने काढावेत. पहिल्या वेळी मला एका माशाला पाऊण तास लागला होता. मासा फार खारट असेल तर गर दुधात दोन तास बुडवून ठेवतात. मांस फार लिबलिबीत वाटले तर दुधाऐवजी गार केलेल्या कडक कोऱ्या चहात, कारण चहाने ते घट्ट होते.

पेडवे
धन्यवाद, अगदी हेच हवे होते. कण्यावरून अंगठा सरकवण्याची पद्धत आमच्याकडे तारली साफ करतानाही वापरतात. आईला वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, 'मासळी खाणाऱ्याचा अंगठा सगळीकडे सारखाच.'

व्होल्गावेल
माशावर बोलणे चालू आहे तर व्होल्गाच्या मुखाजवळच्या आस्त्राखान शहराची हकीगत सांगितल्यावाचून राहवत नाही. व्होल्गा नदीत वसंत ऋतूत कॅस्पियन समुद्रातून एक प्रकारची हेरिंग अंडी घालायला वर चढते. ती पाण्यात वेड्यासारखी भिरभिरते म्हणून लोक तिला 'बेशेंका', म्हणजे पिसाट मासा म्हणत, आणि ती खाल्ली तर माणूसही पिसाट होतो अशी समजूत होती. त्यामुळे कोट्यवधी मासे केवळ तेल काढण्यासाठी उकळले जात, आणि त्याच वेळी खाण्याची हेरिंग हॉलंडहून आणि नॉर्वेहून विकत आणली जाई. सस्तन प्राण्यांचे बीजांड १८२७ मध्ये शोधणारे कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर १८५० च्या दशकात कॅस्पियनच्या मासेमारीची पाहणी करायला गेले. त्यांनी तो मासा खाऊन पाहिला, तो उत्तम आहे हे ओळखले आणि तो खारवून विकावा म्हणून मच्छीमारांचे मन वळवले. क्रिमियाच्या युद्धामुळे परदेशी मासा दुर्मीळ झालेला असल्याने त्यांचे म्हणणे लवकर मानले गेले. रशियातल्या सामान्य माणसाच्या पानात स्वस्त, स्वदेशी हेरिंग येण्यात या एका माणसाच्या चाखून पाहण्याचा मोठा वाटा आहे. बेअर जन्माने एस्टोनियातले, हे तालिनच्या वहिनींना आवडेल.

तालिनची_वहिनी
आवडले तर! इथल्या जुन्या दोन क्रूनच्या नोटेवर त्यांचे चित्र होते. त्यांचा हेरिंगशी असलेला संबंध मात्र मला आजच कळला.

मालारन
स्टॉकहोमहून थोडक्यात. स्वीडनच्या नाताळच्या मेजावर 'सिल्सालाद' असते: हेरिंग, बीट, बटाटा, सफरचंद, काकडी, सगळे कालवलेले. फरक असा की इथली हेरिंग व्हिनेगर आणि साखरेच्या पाकात मुरवलेली असते, त्यामुळे चव आंबट-गोड लागते. जेवणाची सुरुवात हेरिंगनेच करायची, मांसाकडे नंतर वळायचे, हा क्रम मोडलेला चालत नाही. गेल्या वर्षी मी ही गोड हेरिंग वापरून रशियन पद्धतीची शूबा केली आणि ती बिघडली. गाजर आणि बीट आधीच गोड असल्यामुळे खारट गाभ्याची जागा रिकामी राहिली. नेवाकाठ, व्हिनेगरमधली किंवा तेलात बुडवलेली तयार कापे घेऊ नका.

नेवाकाठ
मालारन, हा सल्ला मला आधी मिळायला हवा होता. मागच्या आठवड्यात सरावासाठी मी एका दुकानातून तेलातली तयार कापे आणली. ती लगद्यासारखी होती आणि त्यांना व्हिनेगरशिवाय कसलीच चव नव्हती. शिवाय कांदा कच्चाच घातला, जो रात्रभरात इतका कडू झाला की सकाळी सगळा पदार्थ त्याच्याच वासाने भरला होता. शेजारच्या आजींनी चव घेऊन सांगितले की चिरलेल्या कांद्यावर उकळते पाणी ओतून लगेच निथळायचे असते. बीट सालासकट, शेपटी न तोडता उकडायचे, म्हणजे रंग पाण्यात जात नाही, हेही त्यांनीच सांगितले.

हान्सावाट
मूळ प्रश्नाकडे परत येऊ या का? मासा तळाशी की बटाटा, याचा निकाल अजून लागलेला नाही.

पानोपानी
नावावरून विचार केला तर मासा तळाशी हवा. 'फरकोटाखाली' असे म्हटल्यावर कोट वरूनच येणार.

जुना_मॉस्कोकर
मी मात्र बटाट्याच्या बाजूचा आहे. माशाचे तेल आणि खारे पाणी खाली झिरपते. ते बटाट्याने शोषले तर बटाटा चवदार होतो. मासा तळाशी असेल तर तेच पाणी ताटलीत साचते आणि वडी उचलताना तळ फाटतो. पानोपानींच्या मुद्द्याचे उत्तर असे की बटाटा खाली असला तरी गाजर आणि बीट माशाच्या वरच असतात, म्हणजे कोट त्याच्या अंगावर राहतोच.

शब्दसई
इथे शेजारच्या भाषांची मदत घ्यावी. लॅटव्हियन लोक याला 'फरकोटातली हेरिंग' म्हणतात, पोलिश 'दुलईखालची हेरिंग' म्हणतात, आणि लिथुआनियन नाव आहे 'सिल्के पतालुओसे', म्हणजे अंथरुणा-पांघरुणातली हेरिंग. अंथरूण म्हटले की खाली गादी आलीच! तेव्हा लिथुआनियाच्या बाजूने पाहिले तर तळाचा बटाटा ही गादी आणि वरचे बीट ही दुलई, असे दोन्ही आजींना सांगता येईल.

तालिनची_वहिनी
शब्दसई, हा युक्तिवाद मी सासूबाईंना सांगितला. त्यांचे म्हणणे असे की गादी पातळ हवी, नाहीतर माशाचा पत्ता लागत नाही.

नेवाकाठ
सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल दोन छोट्या शूबा केल्या, एकीत मासा तळाशी आणि दुसरीत बटाट्याची पातळ गादी, आणि आज दुपारी दोन्ही आजींना एकत्र बोलावले. हेरिंग या वेळी बाजारातल्या पिंपातून अख्खी आणली, पाठीला जाड असलेली अटलांटिकची, आणि जुना मॉस्कोकर यांच्या पद्धतीने सोलली. कातडी अर्ध्यावर तुटली, पण काटे बहुतेक निघाले. एका माशाला तीन बटाटे, दोन गाजरे, दोन मध्यम बीट आणि एक कांदा असे प्रमाण घेतले.

मासा तळाशी असलेली वडी उचलताना खालचे तुकडे ताटलीलाच चिकटून राहिले, हे दोघींनीही पाहिले. गादीवाली वडी अखंड उचलली गेली. तरीही पहिल्या आजी म्हणाल्या की ताटलीत उरलेले ते तुकडे पावाने पुसून खाण्यासाठीच मासा तळाशी घालायचा असतो, त्यांच्या आईकडे मुले त्यासाठीच रांग लावत. मग त्यांनी काळ्या पावाचा तुकडा मोडला, ताटली निपटली आणि अर्धा तुकडा दुसऱ्या आजींपुढे धरला. त्यांनी तो खाल्ला, पण बटाट्याविषयीचे मत बदलले नाही.

३१ तारखेला मी गादीवाली करणार आहे, मोठी, बारा जणांसाठी. पहिल्या आजींसाठी एका वाटीत मासा तळाशी घालून वेगळी लावेन. ३० तारखेला संध्याकाळी बीट उकडायला ठेवायचे आहे, आणि पिंपातले दोन मासे आत्ताच दुधात घातले आहेत, चव पाहण्यापुरते.

पेडवे
गाबोळी निघाली का?

नेवाकाठ
एकात निघाली. पावावर लावून उभ्याउभ्याच खाल्ली.